युक्सोमचा तोंगबा

सिलीगुडी मागे टाकून जीप सेवोकला आली, की उजव्या हाताला तिस्ता नदी दिसू लागते. पुढे बराच वेळ ती प्रवाशाची सोबत सोडत नाही. कधी रस्त्याच्या अगदी कडेशी, कधी खोल दरीत, कधी हिरवी, कधी गढूळ. तिस्ता बाजार गेले, मेल्ली आले, पूल ओलांडला की सिक्कीम. गंगटोककडे जाणारे प्रवासी पूल न ओलांडता सरळ निघून जातात. पश्चिम सिक्कीमला जाणाऱ्यांनी मात्र येथे वळायचे आणि रंगीत नदीच्या काठाने जोरेथांगचा रस्ता धरायचा.

या मेल्लीला बिअरचा एक कारखाना आहे. १९८७ साली तो काढला हिंदी चित्रपटांत खलनायक म्हणून गाजलेले डॅनी डेन्झोंगपा यांनी. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेला हा सिक्कीमचा सुपुत्र मराठी वाचकांना तसा परका नाही. कारखान्याला त्यांनी नाव दिले ‘युक्सोम ब्रुअरीज’. पण ज्या गावाचे नाव या कारखान्याला मिळाले, त्या युक्सोम गावाची स्वतःची बिअर वेगळीच आहे. ती बाटलीत भरत नाहीत, दुकानात विकत घेऊन फोडत नाहीत, आणि खरे सांगायचे तर ती पातळही नसते. ती असते आंबवलेली नाचणी. बांबूच्या पेल्यात ती भरायची, वर गरम पाणी ओतायचे आणि बांबूच्याच नळीने हळूहळू ओढायचे. या पेल्याला आणि पेयाला, दोघांनाही तोंगबा म्हणतात.

राज्याभिषेकाचे गाव

जोरेथांग, लेगशिप अशी गावे मागे टाकत, वळणावळणांनी पोट ढवळून काढणारा रस्ता अखेर युक्सोमला येऊन थांबतो. थांबतो म्हणजे खरोखरच थांबतो. पुढे मोटार जात नाही. जोंगरी आणि गोएचा ला या उंच ठिकाणांकडे निघालेले गिर्यारोहक येथून पायी निघतात, सामान याकच्या नाहीतर खेचरांच्या पाठीवर चढते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,७८० मीटर उंचीवर आहे. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये थोडी सपाटी, पायऱ्यापायऱ्यांची शेते, उतारावर उतिसाच्या झाडांखाली मोठ्या वेलचीची दाट हिरवी झुडपे.

एवढेसे गाव, पण सिक्कीमचा इतिहास येथून सुरू होतो. युक्सोम या नावाचा अर्थच ‘तीन ज्ञानी पुरुष भेटले ते ठिकाण’ असा सांगतात. तिबेटातून तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले तीन लामा येथे एकत्र आले आणि १६४२ मध्ये त्यांनी फुंत्सोग नामग्याल यांना सिक्कीमचे पहिले चोग्याल, म्हणजे धर्मराजा, म्हणून अभिषेक केला. नोरबूगांग येथे तो दगडी चौथरा आजही पाहायला मिळतो. शेजारी पांढराशुभ्र स्तूप आहे, एक प्रचंड सूचिपर्णी झाड आहे, आणि एका शिळेवर लामाच्या पावलाचा ठसा दाखवतात. पुढे राजधानी येथून रबदेंत्से येथे गेली आणि युक्सोम पुन्हा आपल्या शेतीकडे वळले. वरच्या डोंगरावरचा दुबदी मठ पाहायला अर्ध्या-पाऊण तासाची चढण चढावी लागते. दमछाक होते, पण वर पोचल्यावरची शांतता त्या घामाची भरपाई करते.

गावकऱ्यांना या भूमीचे पावित्र्य नुसते बोलण्यापुरते नाही. जवळच्या रथोंग नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ घातला होता. पवित्र भूमी म्हणून त्याला विरोध झाला आणि १९९७ मध्ये सरकारने तो थांबवला. गावाजवळूनच सुरू होणाऱ्या कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

येथे लिंबू आहेत, लेपचा आहेत, भुतिया आहेत, इतर नेपाळी भाषकही आहेत. घरोघरी नाचणीचे हे पेय होते, फक्त नाव बदलते. लिंबूंचा तोंगबा, लेपचांची ‘ची’, भुतियांची ‘छांग’, नेपाळीत ‘जाँड’. नाचणीला नेपाळीत ‘कोदो’ म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याकडचा माणूस फसतो, कारण आपला कोद्रा, म्हणजे कोकणातला हरीक, हे निराळे धान्य आहे. सिक्कीमचा कोदो म्हणजे आपली नाचणीच. तीच ती तांबूस, मोहरीएवढी, भाकरीला काळपट रंग देणारी. लावणीही आपल्या वरकस जमिनीवरच्या नाचणीसारखी, फक्त येथे बऱ्याचदा उभ्या मक्याच्या ओळींमध्ये रोपे लावतात. मका निघून गेला की नाचणी मोकळी होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात घरी येते.

सासूने सोपवलेला घाणा

दिवाळीत पहिल्या चकलीचा घाणा नव्या सुनेच्या हाती देऊन सासू जरा दूर उभी राहते, तो क्षण आपल्याकडच्या बायकांना ठाऊक आहे. युक्सोममध्ये असाच क्षण नाचणी आंबवताना येतो.

गावातल्या एका लिंबू घरातली सून कालिम्पोंगची. शहरात वाढलेली, शाळेत शिकवणारी. माहेरी तोंगबा प्यायला जायचा तो बाजारातून आणलेल्या जाँडचा. घरी कुणी नाचणी शिजवलेली तिने पाहिली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या माघे संक्रांतीला सासूने तिच्यापुढे चार किलो नाचणीची टोपली ठेवली आणि म्हटले, “बुहारी, यंदाचा घाणा तुझा.” बुहारी म्हणजे सून.

माघे संक्रांत म्हणजे आपली मकरसंक्रांतच. त्या दिवशी जोरेथांगला मोठी जत्रा भरते. घरी पाहुणे येतात, थोरांना मान द्यायचा असतो, आणि लिंबू घरात पाहुण्यापुढे तोंगबा ठेवणे हाच मान. थंडीत नाचणी आंबायला आठ ते दहा-अकरा दिवस लागतात. सून घाणा घालत होती जानेवारीच्या चार तारखेला. बिघडला असता तर दुसरा घालायला वेळच उरला नसता. मग शेजाऱ्यांकडून मागून आणावा लागला असता, आणि ती गोष्ट गावभर झाली असती. लहान गावात अशा गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही.

नाचणी निवडून, तीनदा धुऊन तिने मोठ्या भांड्यात शिजत घातली. अर्ध्या तासात दाणे फुगले. येथे पहिली मेख असते. दाणा कच्चा राहिला तर आंबत नाही आणि जास्त शिजला तर लगदा होतो. सासूने एक दाणा बोटांनी चिरडून पाहिला आणि मान हलवली. जास्तीचे पाणी काढून टाकले, नाचणी बांबूच्या चटईवर पसरली. वाफ निघून गेली तरी सासू म्हणाली, “थांब. हात ठेवून बघ. बाळाला न्हाऊ घालायचे पाणी असते ना, त्याहून गरम नको.”

“पण आमा, थंडी आहे. जरा गरमच राहिले तर काय बिघडेल?”

“मर्चा मरेल.”

मर्चा म्हणजे काय?

या दोन शब्दांत सगळे शास्त्र आहे. मर्चा म्हणजे पांढरट, वाळलेली, चपटी गोल वडी. दिसायला आपल्या सांडग्यासारखी. दही लावायला जसे विरजण, तसा जाँड लावायला मर्चा. विरजण नसेल तर दूध नासेल पण दही होणार नाही, तसेच येथे.

हे विरजण आवश्यक का, ते समजण्यासाठी परदेशी बिअरकडे वळून पाहावे लागेल. धान्यात असतो तो पिष्ट पदार्थ. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्य तयार करतात, पण पिष्ट त्यांना पचत नाही. म्हणजे आधी पिष्टाची साखर व्हायला हवी. युरोपात हे काम मोडांकडून करून घेतात. बार्ली भिजवून तिला मोड आणले की दाण्यातच पिष्ट फोडणारी द्रव्ये तयार होतात. मग ती वाळवली की झाले माल्ट. इंग्लंड-अमेरिकेत घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक तर एवढाही खटाटोप करत नाहीत. माल्टचा आटवलेला अर्क डब्यात मिळतो, काकवीसारखा दाट. तो पाण्यात उकळायचा, कडवटपणासाठी हॉप्सची फुले घालायची, निववून यीस्ट घालायचे आणि पिंप झाकून ठेवायचे. पहिल्यांदाच करणाराही त्यात सहसा पार फसत नाही, कारण सर्वांत अवघड काम कारखान्यात आधीच झालेले असते. इंग्लंडमध्ये १९६३ पर्यंत या घरगुती उद्योगालाही परवाना लागत असे.

मोड आणून धान्य गोड करण्याची ही युक्ती आपल्या स्वयंपाकघराला नवी नाही. लहान मुलांना देतात ते मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व म्हणजे नाचणीचे माल्टच. मोड आलेली नाचणी चावून पाहा, गोडसर लागते ती याच कारणाने.

हिमालयातल्या बायकांनी वेगळी वाट काढली. त्या नाचणीला मोड आणत नाहीत. उलट ती शिजवून तिची उगवण्याची शक्तीच संपवतात आणि पिष्ट फोडायचे काम बाहेरच्या जीवांवर सोपवतात. हे जीव राहतात मर्चात. सिक्कीममधले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रा. ज्योती प्रकाश तामांग यांनी हिमालयातल्या आंबवलेल्या पदार्थांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मर्चाच्या वडीत बुरशी, यीस्ट आणि दह्यातल्या जीवाणूंच्या जातीचे जीवाणू एकत्र नांदतात, हे या संशोधनातून दिसून आले. पिष्टाची साखर करण्यात बुरशीचा आणि काही यीस्टचा हात असतो, दुसरी यीस्ट साखरेचे मद्य करतात, जीवाणू किंचित आंबटपणा आणतात. जपानचे कोजीही याच तत्त्वावर चालते. मणिपुरात हमेई, झारखंडात हंडियासाठी लागणारा राणू, ही सगळी मर्चाचीच भावंडे.

मर्चा करणे मात्र सर्वांना जमत नाही. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरात ते काम मुख्यतः लिंबू आणि राई बायकांचे, आणि विद्या आईकडून मुलीकडे जाते. भिजवलेले तांदूळ कांडायचे, त्यात आले, लाल मिरची, रानातली मुळे, पाने आणि फुले घालायची. यातल्या दोन वनस्पती आपल्या वैद्यांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. एक चित्रक, त्याची मुळे घेतात, आणि दुसरी सहदेवी, तिची फुले. पाण्याने मळून वड्या थापायच्या, त्यावर जुन्या मर्चाची भुकटी भुरभुरायची. जुन्याचा अंश नव्यात उतरतो तो असा. नेच्याच्या पानांवर मांडून, वरून पुन्हा नेचा आणि गोणपाट पांघरून त्या उबेला ठेवायच्या. एक-दोन दिवसांत वड्या किंचित फुगतात, त्यांना वास सुटतो, मग उन्हात कडकडीत वाळवायच्या. वर्षभर सहज टिकतात. कोणती मुळी किती घ्यायची, हे विचारले तर हसून विषय बदलतात. सुगरणीने आपल्या मसाल्याचे प्रमाण सांगू नये, तसेच हे.

टोपलीतली ऊब

चटईवरची नाचणी कोमट झाल्यावर सुनेने मर्चाची भुकटी केली. किलोला दहा ते वीस ग्रॅम पुरते. हाताने वरखाली करत ती सगळ्या दाण्यांना लागेल अशी मिसळली. बांबूच्या टोपलीला आतून नेच्याची ताजी पाने लावली. या नेच्याला तेथे ‘उन्यू’ म्हणतात. त्यात नाचणी भरली, वर पुन्हा पाने, त्यावर गोणपाट. टोपली चुलीपासून हातभर अंतरावर गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्याबरोबर तिने गोणपाट उचलून हात घातला. नाचणी थंडगार. रात्री पुन्हा पाहिले, तरी थंडच. बाहेर दात वाजवणारी थंडी होती. मर्चा जुना होता का? नाचणी फारच निववली का? सासूला विचारायचा धीर होईना. तिने आपली जुनी लोकरी शाल टोपलीभोवती गुंडाळली आणि टोपली चुलीकडे आणखी थोडी सरकवली. सासूने ते पाहिले, पण ती काही बोलली नाही. फक्त निजताना चुलीतला मोठा ओंडका तिने बाहेर ओढला नाही. रोज ओढत असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत हात घातल्याबरोबर ऊब लागली. लहान मुलाच्या कपाळाला ताप असावा तशी. वासही बदलला होता, पिकलेल्या फळासारखा, गोडसर. सासूने चिमूटभर दाणे तोंडात टाकले. गोडी उतरली होती, शेवटी जिभेला किंचित टोचल्यासारखे होत होते. “आता कोंडायचे,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात हा पहिला टप्पा दोन दिवसांत उरकतो, थंडीत चारपर्यंत जातो. मग नाचणी मातीच्या मडक्यात दाबून भरतात आणि तोंड घट्ट बंद करतात. आतापर्यंत हवा हवी होती, आता नको. हवा राहिली तर मद्याऐवजी आंबटपणाच वाढत जातो. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, हिवाळ्यात पाच ते सात. या दिवसांत मडके उघडून पाहायचे नाही, हा नियम. नव्या माणसाला सर्वांत कठीण जातो तो हाच. आपल्याकडे लोणच्याची बरणी पुन्हापुन्हा उघडणाऱ्या माणसाला घरातल्या बायका का ओरडतात, ते आठवावे.

संक्रांतीच्या दिवशी मडके फुटले नाही, सांडले नाही, पण अगदी निर्दोष होते असेही नाही. वरच्या थरातले मूठ-दोन मूठ दाणे काळपट पडले होते. सासूने ते काढून डुकरांच्या बादलीत टाकले आणि खालची नाचणी हुंगली. मग बांबूचे पेले मांडले.

नळी हलवू नका

तोंगबा पिण्याची रीत आहे आणि पाहुण्याने ती पाळावी. पेल्यात काठोकाठ आंबवलेली नाचणी भरलेली असते. त्यावर गरम पाणी ओतायचे आणि दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसायचे. पाणी दाण्यांतला अर्क ओढून घेते आणि दुधट, किंचित गोड, किंचित आंबट पेय तयार होते. नळी बारीक बांबूची असते, तिला पिपसिंग म्हणतात. तिचे टोक बंद असते आणि जरा वर बाजूला छोटे छिद्र असते, म्हणजे पाणी वर येते पण दाणा येत नाही. ही नळी चमच्यासारखी ढवळायची नसते. ढवळली की छिद्र बुजते आणि पाहुणा गाल आत ओढून ओढून हैराण होतो. यजमान मंडळी तोंडावर हसत नाहीत, एवढीच त्यांची सभ्यता.

पेला आटला की पुन्हा पाणी. दोन-तीन वेळा पाणी घालता येते, दर खेपेला पेय फिके होत जाते. यातील मद्याचे प्रमाण साधारण बिअरएवढे, चार-पाच टक्क्यांच्या घरात. गरम गरम घोट घशाखाली जात असल्याने ते जाणवत नाही आणि उठताना पाय जड होतात. बाटलीतल्या थंड, फसफसणाऱ्या बिअरची अपेक्षा ठेवून नळी तोंडात धरणाऱ्याची निराशा होईल. याची चव ताकाच्या आणि ताज्या उसाच्या रसाच्या मधली कुठली तरी आहे, आणि धान्याचा वास मात्र स्पष्ट.

प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८४८ ते १८५० या काळात या डोंगरांत हिंडले. १८४९ च्या आरंभी ते युक्सोमलाही येऊन गेले. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात नाचणीच्या या पेयाचा आणि बांबूच्या पेल्याचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. दिवसभराची चढण चढून तंबूत परतलेल्या त्या इंग्रजाला ते आवडले होते.

संक्रांतीच्या त्या दुपारी पहिला पेला घरातल्या सर्वांत वडील माणसापुढे ठेवला गेला. बाजे, म्हणजे आजोबा. त्यांनी नळी ओठांत धरली, बराच वेळ धरली. सून दाराआड उभी होती. आजोबा बरे-वाईट काहीच बोलले नाहीत. त्यांनी जावयाशी वेलचीच्या भावाचे बोलणे चालू ठेवले. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो पुढे सरकवला आणि गरम पाणी मागितले. दुसऱ्यांदाही मागितले. तिसऱ्यांदा किटली घेऊन सून स्वतः पुढे आली, तेव्हा ते म्हणाले, “थोडा आंबट आहे. शाल फार वेळ ठेवलीस.” शालीचे त्यांना कुणी सांगितले, हे सुनेला तेव्हाच कळले.

मर्चाची पाने कोण खुडणार?

हे सगळे वाचायला गोड वाटते. पण युक्सोममधल्याही सगळ्या घरांत मडके असते असे समजू नये. नाचणीची लावणी, बेणणी, कापणी, मळणी ही कष्टाची कामे आणि बहुतेक बायकांच्या माथी. वेलचीला रोख पैसा मिळतो, मुले शिकून गंगटोकला, सिलीगुडीला जातात, गिर्यारोहकांचे सामान वाहून दिवसाला मजुरी सुटते. मग शेताच्या पायरीवर नाचणी लावायची कुणी? जाँड विकत मिळते, मर्चाही हाटात विकत मिळतो. रानातून चित्रकाचे मूळ खणून आणणाऱ्या हातांवर सुरकुत्या आहेत. मुलगी शहरात नोकरीला गेली की आईकडून मुलीकडे जाणारी साखळी तिथेच तुटते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केले, नाचणीची बिस्किटे दुकानांत आली, हे चांगलेच झाले. पण बिस्किटाला मर्चा लागत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच जाँड ऊर्ध्वपातित केली की रक्सी नावाची कडक दारू होते आणि तिच्यापायी डोंगरातलीही घरे उद्ध्वस्त होतात. ते भोगतात बायका आणि मुले, जसे आपल्याकडे. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून जाँडचा अर्क देण्याची तेथे जुनी प्रथा आहे, पण अंगावर पाजणाऱ्या आईने मद्यापासून दूर राहावे असेच डॉक्टर सांगतात. आणि हे वर्णन वाचून कुणी आपल्या स्वयंपाकघरात घाणा घालू नये. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. नाचणीला मोड आणून सत्त्व करावे, त्याला कुणाची हरकत नाही.

कसे जाल?

न्यू जलपाईगुडी हे जवळचे मोठे रेल्वे स्थानक आणि बागडोगरा हा विमानतळ. तेथून जोरेथांगमार्गे युक्सोमला पोचायला सहा-सात तास धरावेत. सिलीगुडीहून जोरेथांगपर्यंत भागीदारीतल्या जीप मिळतात, तेथे गाडी बदलावी लागते. दुपारनंतर युक्सोमकडे जाणाऱ्या जीप कमी होतात, म्हणून सिलीगुडी सकाळीच सोडावी. तिस्ताकाठचा रस्ता पावसाळ्यात दरडींनी वारंवार बंद पडतो. ४ ऑक्टोबर २०२३ च्या महापुरात तर त्याचे मोठे नुकसान झाले होते, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ चांगला. भारतीय नागरिकांना युक्सोम गावापर्यंत जायला खास परवाना लागत नाही, मात्र पुढे राष्ट्रीय उद्यानात पायी जायचे तर तो घ्यावा लागतो.

राहायला साधी हॉटेले आहेत, पण मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी गावातल्या घरीच उतरावे. सकाळी मक्याची किंवा कुट्टूची भाकरी, दुपारी डाळभात आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे सार मिळते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी तसे आधीच हात जोडून सांगावे, यजमान मनाला लावून घेत नाहीत आणि चहा पुढे करतात. रिकामा तोंगबा पेला आठवण म्हणून बाजारात विकत मिळतो. अॅल्युमिनियमचेही पेले निघाले आहेत, ते घेऊ नयेत. बांबूचाच घ्यावा, त्याच्यासोबत दोन नळ्या मागून घ्याव्यात, आणि पेला कधी वापरलाच तर धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय कपाटात ठेवू नये. आपल्याकडच्या दमट हवेत बांबूला चार दिवसांत बुरशी धरते, आणि ती मर्चातली नव्हे.